गुहागर ते रत्नागिरी, सायकलवरून

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गुहागरहून निघून संध्याकाळी रत्नागिरी गाठायची म्हणतोस. जरूर जा. पण नकाशावरचे किलोमीटर बघून हिशोब मांडला असशील तर तो आधी पुसून टाक. आपला रस्ता खाडीपाशी उतरतो, सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळी माळावर चढतो, परत उतरतो. एकही चढ ताम्हिणीइतका लांब नाही, आणि घाटावरची मुलं तिथेच फसतात. पालशेतच्या पुढे जोर मारतात नि हेदवी येईस्तोवर मांड्या बोलायला लागतात. तू दिवस चढांत मोज. तवसाळच्या जेटीपर्यंत हलका गिअर, आणि दम इतकाच लागू दे की गप्पा मारता येतील. कोणी पुढे गेला तर जाऊ दे, फेरीबोटीपाशी भेटेलच.

बोटीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेव. शास्त्रीची खाडी ओलांडताना बसून राहिलास की पाय आखडतात, आणि जयगडला उतरल्या उतरल्या चढ असतो. तेव्हा उभा राहा, दोन केळी खा, मीठ घातलेलं कोकम पी. या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंगातलं किती पाणी गेलं ते कळत नाही.

आता पाऊस. परतीचा पाऊस सकाळपासून झड लावून बसत नाही. सकाळ लख्ख, दुपारी चटके देणारं ऊन, आणि तीनच्या पुढे पूर्वेला, सह्याद्रीकडे, काळं भरून येतं. समुद्राकडे बघून आभाळ मोकळं आहे असं समजू नकोस. गडगडाट ऐकू आला की सडा सोड. त्या माळावर तुझ्याहून उंच काही नसतं; असलंच तर एकटं झाड, ते त्याहून वाईट. वाडीत उतर, समोर दिसेल त्या पडवीत सायकल लाव. सहसा कोणी नाही म्हणत नाही, फक्त चहा घ्यावा लागतो.

ओल्या उतारावर तुझे रिम ब्रेक आधी नुसतं पाणी पुसतात, पकड मागाहून येते. म्हणून वळणाच्या बऱ्याच अलीकडून हलके हलके दाबत ये. जांभ्याची तांबडी रेव रबरात रुतली की खर्रखर्र आवाज येतो. लगेच थांबून बाटलीतल्या पाण्याने धू, नाहीतर ती कानशीसारखी रिम खाते. सावलीतल्या वळणांवर कडेला शेवाळ असतं, तिथे ब्रेकला हातच लावू नकोस. वेग आधीच उतरवलेला हवा.

मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, वेळ हाताशी असेल तरच थांब. आरे-वारेच्या चढावर सगळ्यांनाच फोटो काढायचा असतो. काढ, पण वळणावर उभा राहून नको, मागून एसटी येते.

साडेचारपर्यंत गणपतीपुळे मागे पडलं नसेल तर तिथेच मुक्काम कर आणि मला फोन कर. मागचा लाल दिवा चार्ज करून ने. रेनकोटही भडक रंगाचाच घे, तुझा तो काळा नको.

काका