घरचा सीसीटीव्ही : आधी चेहरा, मग कॅमेऱ्यांची संख्या

घरी कमी खर्चात कॅमेरे बसवण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. किमती साधारण बाजारभावाच्या आहेत. गावागणिक आणि दुकानागणिक त्या बदलतील, म्हणून दोन ठिकाणांहून लेखी कोटेशन घ्या.

कराडजवळ आमचं बैठं घर आहे. पुढे फाटक, मागे परसदार, एका बाजूला बोळ. खर्च पंधरा हजारांत बसवायचा आहे. एक फिटर आठ कॅमेरे सांगतो, दुसरा चारच, पण ५ मेगापिक्सेलचे. कोणाचं ऐकावं?

चार पुरेत, आणि २ मेगापिक्सेलचे चालतील. मात्र चारही कॅमेऱ्यांना एकच लेन्स घेऊ नका.

अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायचा, तर तो उभा असेल तिथे चित्रात मीटरमागे २५० पिक्सेल (चित्राचे ठिपके) यावे लागतात. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत हाच आकडा आहे. २ मेगापिक्सेलचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं, म्हणजे कॅमेऱ्याने जेमतेम साडेसात मीटर रुंदीची जागा टिपली तरच चेहरा ओळखू येईल. दुकानात सर्रास मिळणारी २.८ मिमीची लेन्स एवढी रुंदी तीन मीटरवरच व्यापते. त्यापुढे, म्हणजे दहा फुटांपलीकडे, कोणीतरी आलं एवढंच कळतं. कोण आलं ते कळत नाही. ६ मिमीची लेन्स हीच रुंदी सुमारे आठ मीटरवर देते. आता ५ मेगापिक्सेलचा हिशेब पाहा. लेन्स तीच ठेवली तर ओळखीचं अंतर तीनाचं चार मीटर होतं. मेगापिक्सेल वाढवून एक मीटर मिळतो, लेन्स बदलून पाच. शिवाय ५ मेगापिक्सेलचं रेकॉर्डिंग डिस्कवर जास्त जागा खातं आणि स्वस्त कॅमेऱ्यात रात्री चित्राला दाणे येतात.

म्हणून पुढच्या दारावर २.८ मिमी, पडवीतून फाटकाकडे रोखलेला ६ मिमी, परसदारी २.८ आणि बोळाच्या लांबीत ३.६ अशी वाटणी करा. दारावरचा कॅमेरा आठ फुटांवर लावा. बारा-चौदा फुटांवर नेला की टोपी आणि खांदेच दिसतात. भिंतीला भोक पाडण्याआधी कॅमेरा सुतळीने त्या जागी बांधा, रात्री आठनंतर घरातल्या कोणाला तरी फाटकातून दारापर्यंत चालत यायला सांगा आणि टीव्हीवर चित्र थांबवून बघा. चेहरा कळला तरच ड्रिल लावा. बसवल्यावर जागा बदलली की जुनं भोक बुजवायचं आणि केबलला जोड द्यायचा, हे दोन्ही नको.

सामान असं लागेल : ४ चॅनेलचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग करणारा डबा), चार कॅमेरे, १ टीबीची सीसीटीव्हीसाठीचीच हार्ड डिस्क, १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (कॅमेऱ्यांना वीज पुरवणारा डबा), थ्री प्लस वन केबलचं (चित्र आणि वीज एकत्र नेणारी) ९० मीटरचं बंडल, आठ बीएनसी (चित्राच्या तारेचे जोड), चार डीसी पिना (विजेचे जोड) आणि प्रत्येक कॅमेऱ्यामागे एक पीव्हीसी बॉक्स. डीव्हीआर तीन हजारांच्या आसपास, कॅमेरा हजार-बाराशेला, डिस्क चार-पाच हजार, केबल दीड-दोन हजार, किरकोळ सामान हजार-दीड हजार, आणि फिटिंग कॅमेऱ्यामागे तीनशे ते पाचशे. बेरीज पंधराच्या थोडी वर जाते. ती खाली आणायची असेल तर बोळातला कॅमेरा पुढच्या दिवाळीला लावा, डीव्हीआरवर त्याची जागा मोकळीच राहील. केबल आणि डिस्क यांत मात्र पैसे वाचवू नका. कॉम्प्युटरमधून काढलेली जुनी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनलेली नसते. ती बंद पडते आणि चोरी होईपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

९ एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा-चाचणीची अट लागू झाली आहे. खोक्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. दुकानात उभ्याउभ्याच तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासा.

फाटकावरचा कॅमेरा दिवसा ठणठणीत चालतो. अंधार पडला की चित्र जातं, येतं, पुन्हा जातं. फिटरने दोनदा कॅमेरा बदलून दिला. डीव्हीआरपासून फाटक सव्वाशे फूट आहे. (बार्शी)

दोष केबलमध्ये आहे. तिसरा कॅमेरा लावलात तरी हेच होईल.

थ्री प्लस वनमध्ये वीज नेणाऱ्या तारा बारीक असतात. ०.२ चौरस मिमीची अस्सल तांब्याची तार धरली, तरी सव्वाशे फुटांच्या जाण्यायेण्यात साडेसहा ओहमच्या वर अवरोध होतो. दिवसा कॅमेरा ०.२ अँपिअर घेतो, तेव्हा सव्वा-दीड व्होल्ट वाटेत खर्च होतात आणि कॅमेरा तेवढं सोसतो. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की ओढ अर्ध्या अँपिअरवर जाते. मग सव्वातीन व्होल्ट वाटेतच पडतात आणि कॅमेऱ्यापाशी नऊसुद्धा उरत नाहीत. कॅमेरा बंद पडतो, दिवे विझतात, व्होल्टेज परत चढतं, कॅमेरा सुरू होतो, दिवे लागतात आणि पुन्हा तेच. तुम्हाला दिसणारी उघडझाप ती हीच. तार तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल तर तूट दीडपट होते. ब्लेडने तार खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर मुलामाच आहे.

मल्टिमीटर डीसी पिनच्या स्क्रूंवर लावा, पण कॅमेरा जोडलेला असतानाच. पिन सोडवून मोजलं तर बारा व्होल्ट दिसतील आणि तुमची फसगत होईल. मोजताना कॅमेऱ्याच्या तोंडावर काळा कपडा धरा, म्हणजे दिवे लागतील. साडेदहाच्या खाली आकडा आला की निदान पक्कं.

उपाय दोन. चित्रासाठी जुनी केबल तशीच ठेवून विजेसाठी १ चौरस मिमीची तांब्याची दोन तारांची वायर वेगळी ओढा. तूट पाऊण व्होल्टच्या आत येईल. किंवा फाटकाच्या खांबाशी वीज असेल तर तिथेच बंद बॉक्समध्ये १२ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडॅप्टर बसवा. एसएमपीएसचा स्क्रू पिळून व्होल्टेज चौदावर नेऊ देऊ नका. फाटकावरचा कॅमेरा त्याने चालेलही, पण दारावरच्या कॅमेऱ्याची केबल आखूड असते. त्याला पुरे चौदा व्होल्ट मिळतील आणि तो जळू शकतो.

१ टीबीत महिनाभराचं रेकॉर्डिंग राहील असं सांगितलं होतं. सहा दिवसांच्या मागचं काही दिसत नाही. चार कॅमेरे आहेत. (नागपूर)

चार कॅमेरे अखंड चालू असतील तर १ टीबीत महिना बसत नाही. एका कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट दिले तर दिवसाला २१.६ जीबी लागतात, चारांना ८६ जीबी. म्हणजे अकरा दिवस. तुमचे सहा दिवस भरतात, त्याअर्थी डीव्हीआर चित्र दाबून साठवण्याच्या जुन्या एच.२६४ पद्धतीवर आणि ४ मेगाबिटवर चालला असणार. एन्कोडच्या मेनूत एच.२६५ निवडा, बिटरेट २०४८ (म्हणजे २ मेगाबिट) करा आणि सेकंदाच्या फ्रेम पंचवीसच्या पंधरा. परसदार आणि बोळ हालचालीवर ठेवा, दार व फाटक मात्र अखंड. दोन आठवडे सहज मिळतील. ओव्हरराइट, म्हणजे डिस्क भरली की सर्वांत जुन्यावर नवं लिहिणं, चालू आहे का तेही पाहून घ्या. तो बंद असेल तर डिस्क भरली की रेकॉर्डिंग थांबतं.

डोंबिवलीत वन बीएचके. दाराबाहेर वाय-फाय कॅमेरा लावायचा आहे, पण तो राउटरला जोडलाच जात नाही. समोरच्या काकूही नाराज आहेत.

स्वस्त वाय-फाय कॅमेरे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. तुमचा राउटर २.४ आणि ५ या दोघांना एकच नाव देत असेल आणि फोन ५ वर असेल, तर जोडणी अडते. राउटरमध्ये दोघांना वेगळी नावं द्या, फोन २.४ च्या नावावर आणा, मग क्यूआर दाखवा. तरीही अडलं तर राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर नाही ना ते बघा. डब्ल्यूपीए२ करा. रेकॉर्डिंगसाठी कॅमेऱ्यात घालायचं मेमरी कार्ड १२८ जीबीचं आणि हाय एन्ड्युरन्स (सतत लिहिणं सोसणारं) लिहिलेलंच घ्या. पाच-सहा दिवसांचं रेकॉर्डिंग राहील. चोराने कॅमेराच उपटून नेला तर कार्डही जातं, म्हणून हा कॅमेरा हाताला न लागेल असा, दाराच्या चौकटीवर लावा. वीज गेली की राउटर बंद पडतो, त्याला छोटा डीसी यूपीएस द्या.

काकूंची नाराजी रास्त आहे. त्यांचं दार उघडलं की घरातलं दिसत असेल तर कॅमेरा तुमच्या उंबरठ्याकडे खाली वळवा आणि अ‍ॅपमधल्या प्रायव्हसी मास्कने त्यांचं दार काळं करा. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवा. मग त्यांना बोलावून तुमच्या फोनवर चित्र दाखवा. कॉरिडॉर सामाईक असल्याने सोसायटीला लेखी कळवून परवानगी घ्या.

दापोलीत समुद्राजवळ घर आहे. दोन पावसाळ्यांत तीन कॅमेऱ्यांची चित्रं गेली. चौथ्यात रात्री नुसतं पांढरं धुकं दिसतं.

तीन कॅमेऱ्यांचे बीएनसी उघडून बघा, आत हिरवट पूड दिसेल. खाऱ्या हवेने पितळ-तांबं खाल्लेलं असतं. कॅमेरे बहुधा शाबूत असतील. केबल चार इंच मागे कापून नवा बीएनसी लावा आणि चित्र येतं का पाहा. मग सगळे जोड पीव्हीसी बॉक्समध्ये घ्या, उघडी भिंत असेल तिथे जोडावर सेल्फ-अमल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) ताणून गुंडाळा, आणि केबल बॉक्समध्ये शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. बॉक्सचं भोक कायम खालच्या अंगाला. आयपी६७ हा धूळ-पाण्यापासून बचावाचा शिक्का कॅमेऱ्याच्या डब्यापुरता असतो, शेपटीच्या जोडाला तो लागू नाही.

पांढरं धुकं म्हणजे कॅमेऱ्याचाच उजेड परत येतोय. पागोळीचा पत्रा किंवा भिंत फार जवळ असेल, नाहीतर काचेवर कोळ्याचं जाळं असेल. दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने काच झाडा.

चोरी झाली तर फुटेज पुरावा म्हणून कसं द्यायचं? (जालना)

हा प्रश्न जालन्यातूनच यावा हेही योग्यच. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यात व्हिडिओ रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालेल का हाच कायद्याचा प्रश्न होता. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की मूळ यंत्र हजर न करता नक्कल द्यायची असेल तर सोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. पहिला यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने, दुसरा तज्ज्ञाने भरायचा. फाइलचं हॅश मूल्यही (फाइलवरून काढलेली, फाइल बदलली की बदलणारी खूण) त्यात लिहावं लागतं. नमुना अधिनियमाच्या परिशिष्टात आहे आणि पोलिस ठाण्यात भरून घेतात.

तुमचं काम त्याच्या आधीचं. डीव्हीआरचं घड्याळ आणि फोनचं घड्याळ एकाच फोटोत घ्या. फरक दिसला तर घड्याळ तेव्हाच दुरुस्त करू नका, फरक लिहून ठेवा. घटनेच्या दहा मिनिटं आधीपासून दहा मिनिटं नंतरपर्यंतचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर बॅकअप करून घ्या, कारण ओव्हरराइट कोणासाठी थांबत नाही. टीव्हीच्या पडद्याचं मोबाइलवर शूटिंग करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं चित्र शोधाला उपयोगी पडेल, पुरावा म्हणून मूळ फाइलच द्या.

आईवडील लातूरला, मी पुण्यात. फिटरने अ‍ॅप सुरू करून दिलं, पण पासवर्ड त्याच्याकडेच आहे. चालेल का?

नाही, आजच बदला. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली चित्रं इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघड झालं. तुमच्या पडद्यावर आईवडील आहेत.

डीव्हीआर सध्या फिटरच्या खात्याला बांधलेला असेल, तेव्हा आधी त्याच्या अ‍ॅपमधून तो काढायला लावा. मग स्वतःच्या खात्यात क्यूआरने जोडा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बारा अक्षरांचा करा, भावंडांना फक्त पाहण्यापुरतं वेगळं युजर नाव द्या, नेटवर्कच्या मेनूत यूपीएनपी आणि पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट डीव्हीआरपर्यंत येण्याच्या वाटा) बंद करा. फिटर टाळाटाळ करत असेल तर बिल आणि डीव्हीआरखालचा सिरियल नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे रीसेट मागा. नवा पासवर्ड कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवायला आईला सांगा. डीव्हीआरवर चिकटवू नका.