आजोबांच्या खिडकीतला कोकीळ

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी कळवले आहे की, ठाण्याहून आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल आला की त्यांचा सात वर्षांचा मुलगा दोन मिनिटांत उठून जातो आणि दोन्हीकडची मंडळी खट्टू होतात. त्या मुलाला माया नाही, असे मला मुळीच वाटत नाही. जेवलास का, शाळेत काय शिकवले, मराठीत बोल बघू, या प्रश्नांची उत्तरे देताना त्याला तोंडी परीक्षेला बसल्यासारखे वाटत असणार. आजोबा आणि नातू यांनी मिळून पाहावे किंवा ऐकावे असे काही समोर असले की बोलणे आपोआप सुरू होते, आणि या वयात त्यासाठी पक्षी, पिल्लू आणि गाणे यांच्याइतके जवळचे दुसरे काही नाही.

घड्याळही तुमच्या बाजूचे आहे. तुमच्याकडे उन्हाळी वेळ लागू असताना रात्री साडेआठला ठाण्यात सकाळचे सहा वाजलेले असतात, म्हणजे तुमच्या मुलाची निजायची वेळ आणि इथल्या पाखरांची उठायची वेळ एकच. एप्रिल-मे महिन्यांत आजोबांनी त्या वेळी फोन खिडकीत धरावा आणि स्वतः काही न बोलता मुलाला कोकीळ ऐकू द्यावा. प्रत्येक 'कुऊ' आधीच्यापेक्षा चढत जाते, हे मूल स्वतःच ओळखते आणि नक्कल करू लागते. तिथे मोठ्यांनी घाई करू नये. गाणारा तो काळाभोर, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी आणि ठिपकेदार असते, ती आपले अंडे कावळ्यांच्या घरट्यात घालते आणि तिच्या पिल्लाला कावळेच भरवतात. ही गोष्ट एका रात्रीत सांगून संपवू नये, चार रात्री पुरवावी.

आजींकडे पेटी असेल तर याच धाग्यावरून स्वरांकडे जाता येते. आपल्या संगीतपरंपरेत षड्ज म्हणजे सा मोराचा, पंचम म्हणजे प कोकिळाचा आणि निषाद म्हणजे नी हत्तीचा मानला आहे. माझ्या नातीला सरगम शिकवायचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा ती रुसली. मात्र 'मी मोराचा स्वर धरते, तू कोकिळाचा शोध' असे म्हटल्यावर ती पाऊण तास हलली नाही. गायनाच्या ऑनलाइन शिकवणीचे पैसे भरण्याआधी महिनाभर एवढेच करून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गॅलरीतील कुंडीत किंवा वेलीत बुलबुलाने घरटे केले तर आजोबांनी रोज त्याची खबर द्यावी. अंड्यातून पिल्लू बाहेर येण्यास साधारण दोन आठवडे लागतात आणि पुढे जवळजवळ तेवढ्याच दिवसांत ते घरटे सोडते, त्यामुळे महिनाभर रोज नवे काही सांगण्याजोगे असते. फोटो लांबून, फ्लॅश न वापरता काढावा आणि घरट्याला हात लावू नये. एखादे पिल्लू जगत नाही. तेही मुलापासून लपवू नये.

भेटीला येणार असाल तर महिना पाहून बेत करावा. नाताळच्या सुट्टीत आलात तर ऐरोलीच्या खाडीवर मुलांना अवश्य न्यावे. ठाणे खाडीच्या या भागाला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. बोटफेरी भरती-ओहोटीवर अवलंबून असते, म्हणून वेळ आधी विचारून घ्यावी. गुलाबी थव्यात काही करड्या रंगाचे पक्षी दिसले तर मुलांना अवश्य दाखवावे: ती वयात न आलेली पिल्ले आहेत, कारण रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, जन्मतः गुलाबी नसतो, शेवाळ आणि बारीक जलचर खाऊन तो रंग त्याला हळूहळू चढतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र फ्लेमिंगोंची आशा धरू नये. त्या दिवसांत संध्याकाळी डबक्यातल्या बेडकांचा कोरस आणि सुगरण नराने विणलेली घरटी पाहण्यासाठी एखाद्या मोकळ्या माळाकडे जावे. रस्त्यावरील कुत्र्याच्या पिल्लांना हात लावू देऊ नये. चावले किंवा ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

घरात तान्हे बाळ असेल तर आजीने म्हटलेली अंगाई तिच्याच आवाजात मुद्रित करून घ्यावी. सूर थोडा हलला तरी दुसऱ्यांदा म्हणायला लावू नये, आणि मागे गॅलरीतल्या चिमण्या ऐकू येत असतील तर त्या तशाच राहू द्याव्यात.