सहा किलोमीटरवरच्या वाडीत वायरलेस इंटरनेट न्यायचंय, कोणती डिश घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वाडी वेल्ह्याकडची, चाळीसेक घरं, मोबाईलला रेंज फक्त वरच्या टेकाडावर. सहा किलोमीटरवरच्या ग्रामपंचायतीत फायबर आलंय. वर्गणीचे साठ हजार जमलेत, आणि खोक्यावर ‘२५ किलोमीटर, ४५० एमबीपीएस’ छापलेल्या दोन डिश ऑनलाइन मागवू का?

मागवू नका. निदान आत्ता तरी नको. मी धायरीत राहतो आणि बरीच वर्षं पुण्याच्या पश्चिमेकडच्या गावांत हेच काम करतोय. डिश ही यात सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू आहे, आणि लोक नेमकी तीच आधी घेतात.

आधी एक आरसा घ्या. न्हाव्याकडे असतो तसा, हातभर. गूगल अर्थवर दोन ठिकाणं रेषेने जोडली की मधल्या जमिनीची उंची दिसते. ते जरूर बघा, पण त्यात डोंगर कळतो, झाड कळत नाही, गेल्या वर्षी उठलेला फार्महाऊस कळत नाही. म्हणून स्वच्छ उन्हाच्या दिवशी एकाने ग्रामपंचायतीच्या गच्चीवर उभं राहून आरशाचा कवडसा वाडीच्या दिशेने हलवत राहायचं आणि वाडीतल्याने जिथे डिश लावायची तिथूनच बघायचं. शेजारच्या ओट्यावरून नाही, त्याच जागेवरून. चमक दिसली तर पुढचं बोलू.

दिसलं म्हणजे झालं असंही नाही. रेडिओलहर सुतासारखी सरळ जात नाही, मधे काकडीसारखी फुगते. याला फ्रेनेल झोन म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झवर सहा किलोमीटरच्या लिंकचा हा फुगवटा बरोबर मध्यावर रेषेच्या सगळ्या बाजूंनी जवळजवळ ९ मीटर असतो. त्यातला ६० टक्के भाग, म्हणजे सव्वापाच मीटर, मोकळा पाहिजे. नजरेच्या रेषेखाली दोन मीटरवर आंब्याचा शेंडा असेल तर तुम्हाला पलीकडचं दिसेल, लिंक मात्र रडत चालेल.

झाडावरून आठवलं. मुळशीकडच्या एका वाडीत मी एप्रिलमध्ये लिंक लावली. सिग्नल उणे ६३ (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला), सगळे खूश, जेवणाला मटण. जुलैच्या पहिल्या आठवड्यात फोन : नेट गेलं. जाऊन बघतो तर ज्या चार काटक्यांच्या मधून मी नेम धरला होता ती सागाची झाडं. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो हे मला शाळेपासून माहीत, पण शिडीवर चढल्यावर आठवलं नाही. पावसात त्याला सुपाएवढी पानं आली, ती भिजली, आणि सिग्नल उणे ८५ च्या खाली. लोक म्हणत होते, ‘पावसानं रेंज जाते.’ पावसाने नाही जात. ५ गिगाहर्ट्झला सहा किलोमीटरवर पावसाच्या सरी जवळपास काहीच करत नाहीत, करतं ते ओल्या पानांतलं पाणी. शेवटी डिश तीस मीटर बाजूला, पाण्याच्या टाकीवर हलवली तेव्हा सुटलो. तेव्हा पाहणी शक्यतो ऑगस्टमध्ये करा. उन्हाळ्यात करावी लागली तर मधलं प्रत्येक झाड कशाचं आहे ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

आता डिश. खोक्यावरचा आकडा विसरा आणि हिशोब मांडा. ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो (२०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झमधला बराच भाग मोकळा केला), पण अँटेना धरून बाहेर पडणारी ताकद ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएमच्या आत ठेवायची. डीबी म्हणजे ताकद किती पटीने वाढली-घटली त्याचं माप, डीबीएम म्हणजे त्याच मापात प्रत्यक्ष ताकद, आणि डीबीआय म्हणजे डिश ती किती एकवटते ते. सहा किलोमीटरच्या हवेत साधारण १२३ डीबी जातात. समोरची डिश २३ डीबीआयची असेल तर ती तेवढे परत मिळवून देते. ३६ वजा १२३ अधिक २३ : उणे ६४. या सिग्नलवर २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमधून साठ-सत्तर एमबीपीएस प्रत्यक्षात मिळतात. पंचायतीतलं कनेक्शनच १०० चं असेल तर ४५० ची डिश घेऊन तुम्ही काय साधणार?

म्हणजे २३ ते २५ डीबीआयची जोडी घ्या. यूबिक्विटीची लाइटबीम ५एसी किंवा मायक्रोटिकची एलएचजी ५, यातली कुठलीही चालेल. मात्र दोन्ही टोकांना एकाच कंपनीची, कारण लांबच्या लिंकसाठी दोघांच्या आपापल्या पद्धती आहेत, त्या एकमेकींशी बोलत नाहीत. सेटिंगमध्ये देश ‘इंडिया’च ठेवा. ६० गिगाहर्ट्झच्या चकचकीत डिशच्या नादी लागू नका. त्या लहरी हवेतला ऑक्सिजनच पितो, किलोमीटरमागे १५ डीबीच्या आसपास, आणि तिथे पाऊस खरोखर आडवा येतो.

वाडीत पोचल्यावर एक मोठा गैरसमज भेटेल : देवळावर जबरदस्त अँटेना लावला की घराघरांत मोबाईलला वायफाय. अँटेना ओरडेल हो, पण मोबाईलला उलट उत्तरही द्यायचं असतं, आणि त्याचा आवाज मुंगीएवढा. म्हणून देवळावर एक सेक्टर अँटेना (डिशसारखा बारीक नाही, रुंद पट्ट्यात झोत टाकणारा), ज्यांना घरात कनेक्शन पाहिजे त्यांच्या वाशावर किंवा पत्र्यावर तेरा-सोळा डीबीआयचा छोटा रेडिओ आणि घरात साधा राउटर. शाळेच्या अंगणासाठी बाहेर लावायचा २.४ गिगाहर्ट्झचा एक अ‍ॅक्सेस पॉइंट पुरे. चाळीसही घरं पहिल्या दिवशी घेणार नाहीत. दहापासून सुरुवात करा.

वायरमध्ये पैसे वाचवू नका. बाहेर वापरायची, काळ्या यूव्ही जॅकेटची, शुद्ध तांब्याची कॅट ६ नेटवर्क वायर घ्या. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रिक बाजारात गेलात की रीळ घेण्याआधी चार इंच तुकडा मागा आणि तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, परत ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि हीच वायर रेडिओला वीजही पुरवते. मी एकदा स्वस्त म्हणून लावली होती. रात्री वापर वाढला की रेडिओ रीस्टार्ट व्हायचा, आणि मी तीन खेपा सॉफ्टवेअर बदलत बसलो. वायर रेडिओत शिरायच्या आधी खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. माकडं असतील, आणि तिकडे असतातच, तर पहिले चार मीटर जीआय पाइपातून न्या.

पोल दीड इंची जीआय, ताणाच्या तारा तीन दिशांना. वाऱ्यात पोल फिरला की सिग्नलवर दिसतं. अर्थिंग स्वतंत्र, कोळसा-मीठ घालून, आणि वायरीच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत उतरवणारी डबी. मेमध्ये वळवाच्या विजा सुरू व्हायच्या आत हे झालं पाहिजे. ‘नंतर करू’ म्हटलं की रेडिओ नंतर दुसरा घ्यावा लागतो.

वीज हा तिकडचा खरा दुखरा भाग. पंचायतीचं ऑफिस बंद करताना मेन स्विचही बंद होतो आणि त्याबरोबर अख्ख्या वाडीचं नेट. शिपायाशी आधी बोला, फायबरच्या डब्याला आणि डिशला वेगळी लाइन काढून घ्या. वाडीकडच्या टोकाला दोन रेडिओ आणि स्विच मिळून २० वॅट धरले तरी दिवसाला ४८० वॅट-तास होतात, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून ४० अँपिअर-तास. पावसाळ्यात दोन दिवस वीज गेली की ८० लागतात. साधी लेड-अ‍ॅसिड अर्ध्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणून निदान १६० ची बॅटरी घ्या. त्यातून इन्व्हर्टर लावून पुन्हा अ‍ॅडॅप्टर लावला तर बरीच वीज उष्णतेतच जाते, त्यापेक्षा डीसी कन्व्हर्टरने थेट २४ व्होल्ट द्या.

डिशचा नेम धरणं हे दोघांचं काम. एकाने डिश धरायची, दुसऱ्याने मोबाईलवर आकडा मोठ्याने वाचायचा. आधी आडवी, अगदी सावकाश. उणे ८२, ७९, ७५, ७४, मग ७६. इथे सगळे थांबतात आणि नट आवळतात. थांबू नका. तो बऱ्याचदा बाजूचा खोटा झोत असतो. आणखी काही अंश पुढे गेलात की आकडा आधी कोसळतो आणि मग एकदम ६६, ६५, ६४. हिशोबात उणे ६४ आलंय हे माहीत असेल तर ७४ वर समाधान होणारच नाही. हिशोब आधी मांडायला सांगितला तो याचसाठी. मग उभी, मग समोरचं टोक, मग पुन्हा हे टोक. नट आवळताना डिश थोडी सरकते, तेव्हा आकडा ओरडत राहायला सांगा.

राहिला पैशाचा भाग. घरांकडून महिना पैसे घेऊन इंटरनेट विकायला परवाना लागतो. पण डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत गावातला किराणा दुकानदारसुद्धा परवाना आणि नोंदणीशिवाय सार्वजनिक वायफाय देऊ शकतो, फक्त सरकारकडे नोंदलेल्या, अशी अनेक वायफाय केंद्रं एकत्र सांभाळणाऱ्या एखाद्या अ‍ॅग्रिगेटरशी जोडून घ्यायचं. बचत गटाच्या नावावर हे सोयीचं पडतं.

या रविवारी ऊन असेल तर आरसा घेऊन गच्चीवर जा. चमक दिसली की दोन्ही जागांचे फोटो आणि मधल्या झाडांची नावं इथेच खाली टाका, पोल किती उंच लागेल ते काढून देतो.