पाच हजार बॅकलिंक विकत घ्याव्यात का?

प्रश्न : आमची गूळविक्रीची वेबसाइट आहे. एचरेफ्स या लिंक मोजणाऱ्या टूलवर तिचा डीआर (डोमेन रेटिंग) ८ दिसतो. एक एजन्सी पाच हजार बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आमच्याकडे येणाऱ्या लिंक) द्यायला तयार आहे. त्याने डीआर ४० होईल आणि गुगलवर आम्ही वर येऊ, असं ती सांगते. घ्याव्यात का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अजिबात घेऊ नका. डीआर हा एचरेफ्सचा स्वतःचा हिशेब आहे, जसा मॉझ या दुसऱ्या टूलचा डीए (डोमेन अथॉरिटी). गुगल क्रमवारी लावताना यातला एकही आकडा वापरत नाही. डीआर ४० झालाही, तरी त्यामुळे गुगलवर एक पायरीही वर जाल असं नाही.

डीआर काढताना तीन गोष्टी बघतात : किती वेगवेगळ्या डोमेनवरून (म्हणजे साइटवरून) तुम्हाला फॉलो लिंक (गणतीत धरली जाणारी लिंक) आहे, त्या डोमेनचा डीआर किती, आणि ते डोमेन आणखी किती जणांना लिंक देतं. तिसरी गोष्ट एजन्सीवाले सहसा सांगत नाहीत. डीआर ६० ची साइट दहा डोमेनना लिंक देत असेल तर तुमच्या वाट्याला बरंच येतं. दहा हजारांना देत असेल तर जवळपास काहीच नाही. एकाच साइटच्या फूटरमधून शंभर पानांवर लिंक आली, तरी डोमेन एकच धरतात. शिवाय मोजपट्टी लॉगरिदमिक आहे, म्हणून ८ चे १८ लवकर होतात, ७० चे ८० होताना दमछाक होते.

गुगलने २४ एप्रिल २०१२ ला लिंकमधली लबाडी पकडणारं पेंग्विन आणलं. सप्टेंबर २०१६ पासून ते मुख्य अल्गोरिदमचा भाग आहे आणि अशा विकतच्या लिंकचं वजनच काढून घेतं. म्हणजे पैसे गेले, फायदा शून्य. मॅन्युअल अ‍ॅक्शन (गुगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई) लागली तर नुकसान वेगळंच. पैसे देऊन घेतलेल्या लिंकला 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' (ही लिंक क्रमवारीसाठी धरू नका, असं गुगलला सांगणारी खूण) लावावंच लागतं.

आधी हातच्या लिंक वाचवा. एचरेफ्सच्या 'बेस्ट बाय लिंक्स' अहवालात ४०४ चा (पान सापडत नाही) फिल्टर लावा. बंद पडलेल्या ज्या पानांवर बाहेरून लिंक येतात, ती त्याच विषयाच्या चालू पानाकडे ३०१ ने (कायमच्या रिडायरेक्टने) वळवा. सगळी सरसकट होमपेजवर वळवू नका. गुगल त्यांना सॉफ्ट ४०४ (म्हणजे नसल्यासारखंच पान) धरतं आणि लिंक वाया जाते.

मग तुमचं नाव छापून लिंक न दिलेली स्थानिक वृत्तपत्रं आणि तुमचा माल ठेवणारी दुकानं शोधा, त्यांना लिंक मागा. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. अस्सल गूळ कसा ओळखावा, गुऱ्हाळात तो कसा तयार होतो, यावर फोटोंसह एक भक्कम पान लिहा. पाककृती लिहिणारे अशा पानाला आपणहून लिंक देतात.

प्रश्न : आम्ही काही न करता परदेशी स्पॅम साइटवरून लिंक येतात. डिसअव्हाऊ करावं का, म्हणजे त्या लिंक धरू नका असं गुगलला कळवावं का?

उत्तर : गुगलच्या सर्च कन्सोल या टूलमध्ये मॅन्युअल अ‍ॅक्शन नसेल आणि तुम्ही लिंक विकत घेतल्या नसतील, तर सोडून द्या, गुगल त्या बहुधा आपसूक बाजूला ठेवतं. डिसअव्हाऊची फाइल द्यावीच लागली तर साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक डोमेन. मात्र डिसअव्हाऊचं टूल 'डोमेन प्रॉपर्टी'ला (सर्च कन्सोलमध्ये पूर्ण डोमेन जोडलेल्या नोंदीला) चालत नाही, 'यूआरएल प्रीफिक्स' प्रॉपर्टी वेगळी जोडावी लागते.