चारही बाजूंनी पाणी असलेल्या गोल्फच्या होलवर बॉल नेमका पाण्यातच का जातो? तिथं कसं खेळायचं?

भाऊ, तुम्ही विचारलंय की बाकी होलवर ९ नंबरच्या क्लबचा, म्हणजे काठीचा, शॉट बरा बसतो, पण ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) पाण्यात असलं की हमखास बॉल बुडतो, तर ही मनातली भीती घालवायची कशी. मी स्पष्टच सांगतो, भीतीच्या मागं लागू नका. ती मोठ्यामोठ्यांची गेली नाही तं आपली काय जाणार. तुम्हाला तुमच्या क्लबचा कॅरी, म्हणजे बॉल हवेतून किती लांब जातो ते, माहीत नाही, खरं दुखणं ते आहे, आणि त्याला इलाज आहे.

मी भंडारा जिल्ह्यातला, साकोलीकडचा. बरीच वर्षं शहरात कॅडीचं, म्हणजे खेळाडूची बॅग उचलायचं, काम केलं, आता गावात धानाची शेती करतो, पण या खेळावरचा जीव काही कमी झाला नाही. कॅडी असताना मी पाहिलेले बुडालेले बॉल बहुतेक सगळे ग्रीनच्या अलीकडे बुडाले, डावीउजवीकडे थोडे, पलीकडे तर फारच कमी. आता भीतीनं हात थरथरले असते तर बॉल चारही दिशांना गेले असते ना, सगळे अलीकडेच काहून पडतात?

कारण असं आहे. कॅरी म्हणजे बॉल हवेतून जाऊन जिथं पहिल्यांदा टेकतो तिथपर्यंतचं अंतर. आपण मात्र बॉल जिथं जाऊन थांबला ते अंतर डोक्यात धरतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये जमीन दगडासारखी झालेली असते, बॉल ११८ यार्डावर टेकतो, टप्पा खातो, घरंगळतो आणि १३० ला थांबतो, नि आपण म्हणतो माझा ९ नंबर १३० जातो. जमिनीवर हे खपून जातं, चूक झाली हे कळतही नाही. पण ग्रीन पाण्यात असलं आणि पिन (होलमधला झेंडा) १३० वर असली की तोच बॉल, तसाच चांगला मारलेला, ११८ वर डुबुक. मग माणूस म्हणतो मी घाबरलो. घाबरला नव्हता, त्याचा आकडा चुकीचा होता.

भीती अजिबात नसते असं मी म्हणत नाही. उन्हाळ्यात शेताच्या ज्या धुऱ्यावरून (बांधावरून) पोरं पळत जातात त्याच धुऱ्यावर आषाढात दोन्हीकडच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, पाण्यानं भरल्या की मोठा माणूसही पाय जपून टाकतो, धुरा तेवढाच रुंद असतो, फक्त चुकायला जागा उरलेली नसते. बाकी होलवर शॉट थोडा बिघडला तर गवतात जाईल, बंकरमध्ये म्हणजे वाळूच्या खड्ड्यात जाईल, पुढचा शॉट चांगला मारून भरून काढता येतं. पाण्याच्या होलवर अर्धी चूक असा प्रकारच नाही.

यातलं सगळ्यात नावाजलेलं होल म्हणजे अमेरिकेत फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रास या कोर्सचं १७ वं. पीट डाय यांनी आखलेला हा कोर्स १९८० ला सुरू झाला. तिथली जमीन दलदलीची, चांगली वाळू सापडली ती याच १७ व्या होलच्या जागेजवळ, मग कोर्सला लागेल तशी तिथूनच उपसत गेले नि उपसता उपसता भला मोठा खड्डा झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस डाय यांनी सुचवलं की ग्रीनच्या सगळीकडून पाणी ठेवा. त्या स्वतःही फार चांगल्या खेळाडू होत्या. हे होल फक्त १३७ यार्डाचं, म्हणजे साधारण १२५ मीटर, पार ३, म्हणजे तीन शॉटमध्ये पुरं करायचं. प्रो लोकांना हा वेजचा (जवळच्या शॉटच्या क्लबचा) किंवा ९ नंबरचा शॉट, रोज शेकड्यानं मारतात तसा. ग्रीन समोरून मागपर्यंत २६ यार्ड. तरी तिथंच होणाऱ्या प्लेयर्स चॅम्पियनशिप या स्पर्धेत २००७ ला पहिल्या दिवशी वारा सुटला आणि एका दिवसात ५० बॉल पाण्यात गेले, पूर्ण स्पर्धेत ९३. २००५ ला बॉब ट्वे नावाचे प्रो या एकाच होलवर १२ शॉट मारून गेले, चार बॉल पाण्यात आणि वर ग्रीनवर तीन पट, म्हणजे होलकडे घरंगळवत मारलेले शॉट. याच स्पर्धेत २०२२ ला आपला अनिर्बान लाहिरी एका शॉटनं दुसरा आला होता, तेव्हा मी रात्री मोबाईलवर नेटची रेंज धरून बघत बसलो होतो, अजून आठवलं की छाती भरून येते.

भीती आणि हिंमत यावर फार बोलणाऱ्यांनी सर्जिओ गार्सियाचं उदाहरण बघावं. २००८ ला प्लेऑफ, म्हणजे बरोबरी सुटायचा जादा खेळ, याच १७ वर झाला, समोरच्या पॉल गॉइडोसचा बॉल अलीकडे पाण्यात पडला, गार्सियानं पिनजवळ टाकला आणि स्पर्धा जिंकली. त्याच गार्सियानं २०१३ ला शेवटच्या दिवशी टायगर वुड्सच्या बरोबरीनं असताना याच होलवर दोन बॉल बुडवले नि ७ मारले. आता हा माणूस शूर म्हणायचा की भित्रा? शॉट त्या दिवशी बसला किंवा नाही बसला, एवढंच.

म्हणून मी म्हणतो, ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत त्या पक्क्या करा. पहिली म्हणजे निशाणा. पिनकडे बघूच नका, ग्रीनच्या मध्यावर मारा. २०१९ ची मास्टर्स स्पर्धा आठवा, अमेरिकेतल्या ऑगस्टा कोर्सचं १२ वं होल, १५५ यार्ड, ते बेट नाही पण ग्रीनच्या समोर ओढा आहे नि पिन उजवीकडे ठेवलेली. शेवटच्या दोन ग्रुपमधल्या मोलिनारी, फिनाउ, केप्का आणि पोल्टर चौघांचेही बॉल ओढ्यात. टायगरनं पिन सोडून दिली, डावीकडं ग्रीनच्या सुरक्षित भागात बॉल ठेवला, दोन पट, पार, आणि पुढं स्पर्धाही जिंकली. तोच टायगर पुढच्या वर्षी त्याच होलवर तीन बॉल बुडवून १० मारून गेला, म्हणजे कोर्स कोणालाच सोडत नाही, पण मध्यावर मारणाऱ्याला दहा-बारा यार्डाची चूक माफ असते आणि पिनवर मारणाऱ्याला दोन-तीन यार्डाचीही नसते. तुमच्या-माझ्यासारख्यानं तर ग्रीनच्या मध्याचं अंतर घ्यावं, आपल्या कॅरीशी जुळवावं आणि शंका आली की एक क्लब वरचा, म्हणजे जास्त लांब जाणारा, ९ ऐवजी ८ नंबर, काढावा.

वाऱ्यासाठी टीवर, म्हणजे पहिला शॉट मारायच्या जागेवर, गवत उडवून पाहतात लोक, ते ठीक आहे, पण टीच्या मागं झाडं असली की तिथं हवा पडलेली वाटते आणि पाण्यावर मात्र वारा मोकळा असतो. मी पाणीच बघायचो. पाण्यावर बारीक सुरकुत्या तुमच्याकडे सरकत येताना दिसल्या तर वारा समोरून आहे, क्लब वाढवा. मधला पट्टा सुरकुतलेला आणि काठ आरशासारखा असेल तर झाडांच्या आडोशातून बॉल वर निघाला की त्याला वारा लागणार. झुळूक येते-जाते तेव्हा थांबा, पाणी निवलं की मारा, तेवढा वेळ सगळ्यांकडे असतो.

स्विंगमध्ये एकच गोष्ट सांगतो, बाकी तुमचे कोच सांगतील. पाणी दिसलं की माणूस बॉल वर उचलायला जातो. वजन मागच्या पायावर राहतं, क्लब आधी जमिनीत घुसतो नाहीतर बॉलच्या डोक्यावर बसतो. बॉल वर नेणं हे क्लबच्या तिरप्या तोंडाचं काम आहे, तुम्ही फक्त बॉल आधी आणि माती नंतर लागेल असं खाली मारा आणि फिनिशला वजन पूर्ण पुढच्या पायावर येऊ द्या. आणि बॅगेतून जुना फाटका बॉल काढू नका. तो काढला की तुम्ही मनाशी हो म्हणून टाकलं की हा जाणारच, शिवाय बरेच दिवस पाण्यात राहून निघालेला बॉल नव्यापेक्षा कमी जातो, म्हणजे कॅरीचा हिशोब आणखी बिघडला.

कॅरी मोजायचा कसा, तर माझा भाचा कसा शिकला ते सांगतो. धान कापून झालं की बांधीत ओल असते, वरची माती मऊ. तिथं बॉल पडला की टप्पा खात नाही, जिथं टेकतो तिथंच रुततो. आमच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, तो ९ नंबर मारतो, मग दोघं चालत जातो, प्रत्येक खळग्याजवळ तुराटी (तुरीची वाळकी काडी) रोवतो आणि टेप धरतो. सगळ्यात लांबचा खळगा मोजायचा नाही, तो शॉट कधीतरीच बसतो. जिथं चार-पाच तुराट्या एकमेकींजवळ दिसतात तो त्याचा कॅरी. हे झाल्यावरच त्याला बोडीच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याच्या, पलीकडं मारायला दिलं, पलीकडच्या बांधीत युरियाचं रिकामं पोतं अंथरून चारी कोपऱ्यांवर ढेकळं ठेवली, पोतं दिसलं पाहिजे पण निशाणा पोत्याच्या मागचा. आता मधलं पाणी त्याला दिसतच नाही असं तो म्हणतो. तुमच्याकडं बांधी नसेल तर पावसाळ्यात कुठलंही मऊ मैदान चालेल, माणसं-जनावरं नाहीत हे बघून घ्या. बोडी आमची स्वतःची आहे म्हणून आम्ही तिथं मारतो, गावच्या मामा तलावात कोणी मारू नये, तिथं मासे धरणाऱ्या ढिवर भावांची जाळी असतात, शिंगाडे असतात, आणि हा बॉल काही कुजत नाही.

एवढं करूनही बॉल गेलाच पाण्यात, तर नियम माहीत असू द्या, त्यानं डोकं शांत राहतं. एक शॉटची पेनल्टी. पाण्याच्या हद्दीवर पिवळे खुंटे असतील तर जिथून मारला तिथूनच परत मारता येतो, किंवा बॉल जिथून पाण्याच्या हद्दीत शिरला ती जागा आणि पिन यांची सरळ रेघ धरून मागं जाऊन ड्रॉप करता येतो, म्हणजे बॉल हातातून खाली सोडून तिथून खेळता येतं. खुंटे लाल असतील तर त्या जागेपासून दोन क्लबच्या लांबीत, पिनच्या जवळ न जाता, असाही तिसरा पर्याय आहे. ड्रॉप २०१९ पासून गुडघ्याच्या उंचीवरून. बेटासारख्या ग्रीनला बहुतेक वेळा ड्रॉप झोन आखून दिलेला असतो, तो आधीच बघून ठेवा आणि तिथून कॅरी किती तेही काढून ठेवा, कारण ट्वेसारखे दोन-दोन, तीन-तीन बॉल जातात ते पहिल्याच्या रागात घाईनं मारलेले असतात. फ्रेड कपल्सनं १९९९ ला सॉग्रासच्या १७ वर पहिला बॉल बुडवला, टीवरूनच दुसरा मारला आणि तो थेट होलमध्ये गेला. कार्डावर ३, म्हणजे पार.