हॉटेलिंगच्या मॉडेलमध्ये दोन्ही दुकानं मध्यभागी शेजारीशेजारी येतात, असं माझ्या नोट्समध्ये आहे. मग त्यांच्यात किंमतयुद्ध कसं होत नाही?

होतं की. म्हणूनच ती तिथे टिकत नाहीत. तुमची शंका बरोबर आहे, तुमच्या नोट्स अर्धवट आहेत.

मॉडेल असं: सरळ रेषेसारखा रस्ता, त्यावर सारखी पसरलेली गिऱ्हाइकं आणि एकच माल विकणारी दोन दुकानं; किंमत आणि येण्याचा खर्च मिळून जिथे स्वस्त पडेल तिथे गिऱ्हाईक जातं. किंमत बाहेरून ठरलेली असेल तर दोघं मध्यावर येतात, याबद्दल वाद नाही. पण अर्थशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंगने 1929 च्या लेखात किंमतही दुकानदारांच्याच हाती दिली होती आणि तरीही ते एकमेकांकडे सरकतील असं म्हटलं होतं. हे 1979 मध्ये दास्प्रेमाँ, गाब्झेविच आणि तिस या तीन अर्थशास्त्रज्ञांनी मोडीत काढलं.

या विषयावर माझं डोकं तापतं त्याला कारण आहे. एकदा पेपर मॉडरेशनला एका मुलाची उत्तरपत्रिका माझ्याकडे आली. पठ्ठ्याने रेषा काढून दोन्ही ठिपके टोकांना ठेवले होते आणि बाजूला लिहिलं होतं, ‘वाहतूक खर्च अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात’. मी पूर्ण गुण दिले. प्रमुखांनी ते खोडले, कारण नमुना उत्तरात ‘मध्यभागी’ होतं. मी तिथेच कोऱ्या कागदावर गणित मांडलं. रेषेची लांबी 1, दोघं आपापल्या टोकापासून सारख्याच a अंतरावर, वर्गाचा खर्च. समतोल किंमत, म्हणजे जी बदलून दोघांपैकी कुणाचाच फायदा होत नाही ती, निघते c + t(1−2a). यात c म्हणजे सीमांत खर्च (आणखी एक नग पुरवण्याचा खर्च) आणि t म्हणजे वाहतूक खर्चाचा दर. a शून्य, म्हणजे दोघं टोकांना, तर c च्या वर पूर्ण t मिळतो. a निम्मा, म्हणजे दोघं मध्यावर, तर किंमत थेट c. नफा गायब, एकच माल विकणाऱ्यांच्या किंमतयुद्धाबद्दल फ्रेंच गणितज्ञ बर्ट्रांडने 1883 मध्ये सांगितलं होतं तसा. आत सरकलं की थोडं गिऱ्हाईक वाढतं हे खरं, पण समोरचा भाव पाडतो आणि त्यात कमावलेलं सगळं जातं.

प्रमुखांनी कागदाकडे पाहिलंही नाही. “अहो मॅडम, बाजारात दुकानं शेजारीशेजारी दिसत नाहीत का तुम्हाला?” विषय संपला. मुलाला 10 पैकी 2.

बरं, हॉटेलिंगचं नेमकं कुठे अडतं? त्याचा वाहतूक खर्च सरळ रेषेत वाढतो. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या पलीकडे राहणाऱ्या प्रत्येकाला तुमच्यापर्यंत येण्याचा जादा खर्च सारखाच पडतो, दोन दुकानांमधल्या अंतराइतका. तुम्ही भाव त्याहून जरासा जास्त पाडलात की त्याच्या परसदारातलं अख्खं गिऱ्हाईक एका फटक्यात तुमच्याकडे. दुकानं जवळ असली की हा मोह कुणालाच आवरत नाही. मग तोही पाडतो, आणि शुद्ध डावपेचांत, म्हणजे प्रत्येकाने एकच ठाम किंमत निवडायची असेल तर, किमतींचा समतोलच उरत नाही. दोघं सारख्या अंतरावर असतील तर टोकापासून पाव रेषेपेक्षा जास्त मध्याकडे आले की हे सुरू होतं. वर्गाचा खर्च धरला की गिऱ्हाईक एकगठ्ठा न पळता हळूहळू सरकतं, म्हणून गणित सुटतं.

तेव्हा परीक्षेत आधी दोनच गोष्टी लिहा: किंमत कोण ठरवतं आणि खर्च अंतराबरोबर कसा वाढतो. त्यानंतर ठिपके मांडा. नमुना उत्तर पाठ करून तपासणाऱ्याला निदान खोडायला कष्ट पडू देत.

आता हेही सांगायला हवं की वर्गाचा खर्च हेसुद्धा एक गृहीतकच आहे, वेदवाक्य नव्हे. शिवाय टोकं गिऱ्हाइकांच्या सोयीची नाहीतच. एकूण वाहतूक खर्च सर्वांत कमी होतो 1/4 आणि 3/4 वर, आणि तिथे बाजार आपणहून पोचत नाही. मध्यभागाचा नियमही दोघांपुरताच आहे. किंमत ठरलेली असताना तिसरा आला की तोही कोलमडतो.

आणि दुकानं शेजारीशेजारी का दिसतात, असं तुम्हाला कुणी ऐकवलंच, तर त्यांना विचारा की ती दुकानं हुबेहूब एकच माल विकतात का. जागेने जवळ आलेले बहुधा मालाने, दर्जाने किंवा नावाने लांब गेलेले असतात, आणि मॉडेलमधली रेषा फक्त रस्त्याचीच असते असं हॉटेलिंगनेही म्हटलेलं नाही.