मे महिन्यात लॉनवर रिसेप्शन आहे, केक आणि टॉपर (केकवर खोचायची सजावट) कसा घ्यावा?

मे मध्ये उघड्यावर व्हिप क्रीमचा तीन मजली केक अजिबात नको, नवरा-नवरी स्टेजवर येईपर्यंत क्रीम सुटून एक बाजू खाली बसायला लागते. फाँडंटचा (वरून साखरेच्या लाटलेल्या थराचा) घ्या पण आत गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण) लावायला सांगा कारण फाँडंट बरेच लोक सोलून बाजूला ठेवतात. पाहुणे जास्त असतील तर खालचे दोन मजले नकली (डमी) आणि वरचा खरा असं करतात, वाटायला वेगळा साधा केक कापून ठेवायचा, किलोला साधारण दहा-बारा पीस निघतात. एगलेस आधीच विचारा, घरातले मोठे नाहीतर हात लावत नाहीत.

टॉपर नावांचा ॲक्रिलिकचाच बरा, हलका असतो, आणि रुंदी केकपेक्षा कमी पाहिजे म्हणजे वरचा थर 6 इंची असेल तर 5 इंचापर्यंत. रेझिनचं जोडपं दिसतं छान पण जड, आतून आधार नसला तर रुततं. झगझगीत ग्लिटरवाला टाळा, ते केकवर गळतं आणि ग्लिटरच्या डबीवर नॉन-टॉक्सिक लिहिलंय म्हणजे खायचं असतं असं नाही. खरी फुलं लावणार असाल तर डेकोरेशनवाल्याला स्पष्ट सांगा की कण्हेर चालणार नाही, विषारी असते. गुलाबसुद्धा फवारणी न केलेलेच मागा.